हलक्या फुंकेचा धडा
(शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी व पालकांसाठी)

रेकॉर्डर हा शब्द कानी पडला की पुष्कळांना अजूनही फीत गुंडाळणारे यंत्रच आठवते. काही वर्षांपूर्वी बेळगाव भागातील आमच्या मंडळीत "शब्बाथशाळेच्या मुलांना रेकॉर्डर शिकवण्यात येईल" असे आम्ही जाहीर केले. उपासना आटोपल्यावर एक आजोबा जवळ आले आणि म्हणाले, "मुलांची गाणी टेप करणार, ते ठीकच, पण मशीन सांभाळणार कोण?" आम्ही पिशवीतून फूटभर लांबीची प्लास्टिकची नळी काढून दाखवली. आजोबा हसले. "अहो, ही तर जत्रेतली पिपाणी!"

आजोबांचे म्हणणे अर्धे खरे होते. जत्रेतल्या बासरीचे आणि ह्या वाद्याचे कूळ एकच. परंतु खेळणे समजून हाती घेतले म्हणजे ते शिकवण्यात जी घाई होते, तिची किंमत मुले भरतात. आमच्या घाईची किंमत एका मुलाने भरली. ते पुढे सांगूच. ज्यांच्या मंडळीत, शाळेत किंवा घरी एखादे मूल हे वाद्य शिकू पाहत आहे, त्यांना उपयोगी पडावे म्हणून हा पाठ लिहीत आहोत.

१. हे वाद्य कोणते?

आडवी बासरी वाजवणाऱ्याला ओठांनी फुंकेची धार घडवावी लागते. कित्येक दिवस सूरच निघत नाही. रेकॉर्डरमध्ये हे काम वाद्यच करते. त्याच्या चोचीत एक ठोकळा बसवलेला असतो. ठोकळा आणि नळीची भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी वाट राहते. फुंक त्या वाटेने जाऊन पुढच्या खिडकीच्या धारेवर आदळते, आणि नळीतील हवा कंप पावू लागते. आपल्याकडील अलगूज आणि शिट्टीसारखी वाजणारी बांबूची बासरी ह्याच तत्त्वावर वाजतात.

जर्मन लोक ह्या वाद्याला त्या ठोकळ्यावरून 'ब्लॉकफ्लोटे' म्हणतात, फ्रेंच लोक चोचीची बासरी म्हणतात, तर इटालियन लोक गोड बासरी म्हणतात. 'रेकॉर्डर' हे इंग्रजी नाव ज्या क्रियापदावरून आले त्याचा एक जुना अर्थ सूर घोकणे, पाखराप्रमाणे हळू आवाजात गुणगुणणे असा होता. म्हणजे टेपच्या यंत्राने हे नाव घेतले त्याच्या कित्येक शतके आधीपासून ते ह्या नळीचे होते.

वाद्याला पुढे सात भोके व मागे अंगठ्यासाठी एक, अशी आठ भोके असतात. मागचे हे भोक ही रेकॉर्डरची खूण होय. आकार अनेक आहेत. मुलांच्या हाती सहसा सोप्रानो असतो. त्याहून मोठा आल्टो, त्याहून मोठा टेनर आणि शेवटी बास.

२. थोडा इतिहास

शिक्षकाला वाद्याचा इतिहास थोडा तरी ठाऊक असावा, कारण बारा-तेरा वर्षांची मुले हमखास विचारतात, "हे लहान मुलांचेच वाद्य ना?"

जर्मनीतील ग्योटिंगेन शहरात १९८७ साली एका जुन्या शौचकूपाच्या खोदकामात एक अखंड रेकॉर्डर सापडला. तो चौदाव्या शतकातील आहे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री १५४७ साली वारला तेव्हा त्याच्या वस्तूंच्या यादीत ७६ रेकॉर्डर नोंदले गेले. १५३५ साली व्हेनिसमध्ये सिल्व्हेस्त्रो गानास्सी नावाच्या वादकाने ह्या वाद्यावर एक शिक्षणग्रंथ छापला. त्याची मुख्य शिकवण अशी, की वाद्याने माणसाच्या गळ्याचे अनुकरण करावे. आमच्या मते रेकॉर्डरच्या शिक्षकाला ही एक गोष्ट कळली तर बाकीच्या हळूहळू कळतात.

सतराव्या शतकात हॉलंडमधील उत्रेख्त येथे याकोब फान आइक हे जन्मांध संगीतकार राहत. नगरातील मनोऱ्यांवरच्या घंटा वाजवणे व त्यांची देखरेख करणे हे त्यांचे काम. संध्याकाळी लोक चर्चच्या आवारात फिरायला येत, तेव्हा ते आपल्या लहानशा रेकॉर्डरवर त्यांना सूर ऐकवत. १६४९ साली त्यांचा पगार वाढवण्यात आला, तो अधूनमधून असे वादन करावे ह्या बोलीवर. त्यांच्या संग्रहात रस्त्यावरच्या गाण्यांच्या चालींबरोबर स्तोत्रांच्याही चाली आहेत. बाख यांनीही आपल्या एका सुप्रसिद्ध अंत्यविधी-गीतरचनेत दोन रेकॉर्डर योजिले आहेत. शोकाच्या वेळी त्यांना ह्या वाद्याचा मऊ आवाज हवासा वाटला.

पुढे दिवाणखाने मोठे झाले, वाद्यवृंद वाढले, आणि मोठ्या आवाजाच्या आडव्या फ्लूटने रेकॉर्डरला मागे सारले. एकोणिसाव्या शतकात तर तो बहुतेक विस्मरणातच गेला. त्याला परत आणण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत आर्नल्ड डॉल्मेच (१८५८-१९४०) हे प्रमुख. त्यांच्याजवळ अठराव्या शतकातील एक उत्तम रेकॉर्डर होता. १९१९ साली लंडनच्या वॉटर्लू स्टेशनावर तो ज्या पिशवीत होता ती पिशवीच फलाटावर राहिली. विसरणारा होता त्यांचा सात वर्षांचा मुलगा कार्ल. वाद्य गेले. तेव्हा वडिलांनी आपल्या टिपणांच्या आधारे नवीन रेकॉर्डर घडवण्याचा उद्योग आरंभला, आणि त्यातूनच पुढे ह्या वाद्याची नवी परंपरा सुरू झाली. पिशवी विसरणारा कार्ल मोठेपणी नामांकित रेकॉर्डरवादक झाला. १९३७ साली त्याने व एडगर हंट यांनी मिळून इंग्लंडात रेकॉर्डरवादकांची संस्था स्थापली. हंट यांनी हे वाद्य शाळांत नेले. पुढे प्लास्टिकचे रेकॉर्डर निघाले आणि ते स्वस्त होऊन जगभरच्या मुलांच्या दप्तरांत गेले.

ह्या कथेत शिक्षकाने लक्षात ठेवण्यासारखे एक आहे. मुलाच्या हातून चूक झाली, नुकसान मोठे झाले, तरी त्या मुलाच्या हातातील वाद्य कोणी काढून घेतले नाही.

३. फुंक

रेकॉर्डरमधून आवाज काढणे सोपे आहे, चांगला आवाज काढणे सोपे नाही. पेटीचा भाता जोराने ओढला तर आवाज मोठा होतो, सूर फारसा हलत नाही. रेकॉर्डरचे तसे नाही. फुंक वाढवली की सूर चढतो, आणखी वाढवली की फाटतो, आणि अचानक वरच्या सप्तकात जाऊन किंचाळतो. फुंक फार कमी झाली तर सूर उतरतो. म्हणून हे वाद्य जोराने साधत नाही. ज्या मुलाला सगळीकडे "मोठ्याने बोल, मोठ्याने गा" असे ऐकण्याची सवय आहे, त्याला येथे उलटे शिकावे लागते.

पहिल्या दिवशी आम्ही मेणबत्ती लावतो. मुलाने टेबलापासून थोडे दूर बसावे आणि ज्योतीवर अशी फुंकर घालावी की ज्योत वाकेल पण विझणार नाही. ती वाकलेलीच ठेवावी, मनात आकडे मोजावेत. पहिल्या प्रयत्नात बहुतेक मुले ज्योत विझवतात आणि हसतात. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात खोली शांत होते. आपल्या श्वासाला लगाम आहे हे मुलांना तेव्हा प्रथम कळते. मेणबत्ती शिक्षकानेच हाताळावी, हे सांगणे नको.

यशया ४२:३ मधील चेपलेल्या बोरूचा व मंद वातीचा दाखला आपल्या मुलांना पाठ असतो. मेणबत्तीसमोर बसून तो वाचला, तर निराळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

त्यानंतर वाद्याचे फक्त वरचे तोंड सुटे करून द्यावे. त्यात तीच फुंक घालावी. खालचे टोक तळहाताने झाकले की सूर खाली येतो, उघडले की वर जातो. अर्धा तास एवढाच खेळ पुरे. ह्याच वेळी मुलाला चांगला आवाज व किंचाळी यांतला भेद कानाने ओळखू द्यावा. शिक्षकाने आधी मुद्दाम किंचाळी काढून दाखवावी, मग मऊ सूर काढावा, आणि विचारावे, "ह्यांतला गळ्यासारखा कोणता?" उत्तर मुले बरोबर देतात.

४. बोटे, आणि आमची चूक

डावा हात नेहमी वर, उजवा खाली, मग मूल डावखुरे असो वा नसो. डाव्या अंगठ्याने मागचे भोक झाकायचे, उजव्या अंगठ्याने खालून आधार द्यायचा. भोके बोटाच्या टोकाने झाकू नयेत, पेराच्या मऊ गादीने झाकावीत. दाबण्याची गरज नसते. फक्त फट राहू नये.

फट राहते की नाही हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. मुलाने भोके झाकून थोडा दाब द्यावा, मग बोटे उचलून उलटी दाखवावीत. प्रत्येक गादीवर भोकाचे पूर्ण गोल वळ उमटलेले दिसले तर बोट नीट बसले. वळ अर्धाच असेल तर तेथून हवा निसटते. आणि जेथून हवा निसटते तेथे सूर किंचाळतो, फुंक कितीही चांगली असो.

ही युक्ती आम्हांला पहिल्या वर्षी ठाऊक नव्हती. चौदा मुले होती, सप्टेंबरात आरंभ केला होता आणि नाताळच्या कार्यक्रमात दोन गीते वाजवायची असे आम्ही मंडळीला सांगून बसलो होतो. मुलांपेक्षा तारखेकडे आमचे लक्ष अधिक. डिसेंबरच्या सुरुवातीस सर्वांना एकत्र वाजवायला लावले, तेव्हा एक रेकॉर्डर मधूनमधून किंचाळू लागला. दहा वर्षांचा तो मुलगा, अंगाने किरकोळ, कधी एक रविवार न चुकवणारा. "हळू फुंक," आम्ही म्हणालो. तो हळू फुंकू लागला, सूर तरीही फाटला. मग घाबरून तो जोराने फुंकू लागला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आम्ही त्याला बाजूला घेतले आणि प्रेमळ आवाजात सांगितले, "बाळ, तू उभा राहा, बोटे हलव, पण फुंकू नकोस. कोणाला कळणार नाही."

त्याने तसेच केले. दोन्ही गीते उत्तम झाली. कार्यक्रमानंतर त्याची आई त्याचा हात धरून आमच्याजवळ आली. तिचा चेहरा फुलला होता. ती म्हणाली, "सर, एवढ्या जणांत मला माझ्या लेकराचा सूर बरोबर ओळखू आला." मुलगा खाली पाहत उभा होता. आम्ही हसलो, काहीतरी बोललो. पुढच्या रविवारी त्याची धाकटी बहीण रेकॉर्डर घेऊन आली. आईने शिवलेल्या कापडी पिशवीत तो नीट पुसून ठेवलेला होता. निरोप काही नव्हता. मुलगा रेकॉर्डरच्या वर्गाला पुन्हा आला नाही.

दुसऱ्या वर्षी तशाच बारीक बोटांची एक मुलगी आली, तिचाही सूर फाटू लागला. ह्या खेपेस पाठीमागे कार्यक्रम नव्हता. आम्ही तिच्यासमोर बसलो, बोटे उलटी करून पाहिली, तर डाव्या अनामिकेवर अर्धाच वळ होता. बोट जरासे सरकवले, कोपर अंगापासून थोडे दूर घ्यायला सांगितले, आणि सूर स्वच्छ झाला. सारे काम पाच मिनिटांचे. त्या क्षणी आम्हांला आधीच्या मुलाची अनामिका आठवली. तीन महिन्यांत त्याच्या बोटांकडे आम्ही पाच मिनिटे पाहिले नव्हते.

शेक्सपियरच्या हॅम्लेट नाटकात एक प्रसंग आहे. राजपुत्र आपल्या लबाड मित्रापुढे रेकॉर्डर धरतो आणि वाजव म्हणतो. मित्र म्हणतो, मला ही कला येत नाही. तेव्हा राजपुत्र त्याला सुनावतो, की एवढीशी नळी तुला वाजवता येत नाही, आणि माझे मन मात्र हवे तसे वाजवू पाहतोस! हा टोला मुलांना शिकवणाऱ्या आपणा सर्वांनाही लागू आहे. मुलाच्या मनाची भोके कोठे आहेत हे न पाहता त्यावर बोटे ठेवली, तर तेथूनही सूर निघत नाही.

५. पहिले स्वर कोणते शिकवावेत?

इंग्रजी पुस्तके पाश्चात्त्य स्वरनावांनी आरंभ करतात. आपल्या मुलांचे कान पेटीवर व भजनांवर तयार झालेले असतात, म्हणून आम्ही सरगमनेच शिकवतो. सोप्रानो रेकॉर्डरवर पांढरी पाचचा षड्ज धरावा. मग पहिले तीन स्वर आपोआप हातात येतात:

अंगठा व तर्जनी: गंधार.
त्यात मधले बोट मिळवले: ऋषभ.
त्यात अनामिका मिळवली: षड्ज.

ही सारी डाव्या हाताची बोटे. म्हणजे "ग रे सा" वाजवायला उजव्या हाताचे एकही बोट लागत नाही. पुढे अंगठा व फक्त मधले बोट ठेवले की शुद्ध मध्यम, आणि अंगठाही उचलून फक्त मधले बोट ठेवले की पंचम. येथवर आले की सा ते प असे पाच स्वर झाले.

नंतर उजवा हात. डाव्या हाताची सर्व बोटे तशीच ठेवून उजवी तर्जनी व मधले बोट मिळवले की मंद्र धैवत, त्यात अनामिका मिळवली की मंद्र पंचम. आता पाहा, मध्यम सोडून मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत हाताशी आलेले स्वर कोणते? प, ध, सा, रे, ग, प. हे तर भूपाचे स्वर! भूपाच्या चालीतील पुष्कळ सोप्या भजनांना एवढे स्वर पुरतात. जी गीते मुलांच्या कानांत आधीपासून आहेत ती तिसऱ्या महिन्यात बोटांत येतात, आणि मुलाला वाटते की हे वाद्य आपलेच आहे.

मध्य धैवतासाठी अंगठ्याचे भोक किंचित उघडावे लागते. अंगठा पुरता उचलायचा नाही. नखाजवळची बाजू कलती करून बारीक फट ठेवायची. येथे बहुतेक मुले अडखळतात. ही पायरी दोन-तीन महिन्यांनंतरच घ्यावी.

मंद्र शुद्ध निषादाकरिता डाव्या हाताची सर्व बोटे आणि उजव्या हाताची मधले बोट व अनामिका लागतात. उजवी तर्जनी उचललेली राहते. येथे वाद्य घेताना एक सावधगिरी हवी. बाजारात दोन जातींचे रेकॉर्डर मिळतात, एक बरोक बोटांचा व दुसरा जर्मन बोटांचा. जर्मन जात विसाव्या शतकात सोपेपणासाठी निघाली. तिच्यात एक स्वर सोपा झाला आणि नेमका हा निषाद बिघडला. म्हणून सर्व मुलांना बरोक जातीचेच वाद्य घ्यावे. एका वर्गात दोन जाती मिसळल्या तर शिक्षकाचा गोंधळ उडतो आणि बोल मात्र मुलांना लागतो.

पेटीबरोबर वाजवण्यापूर्वी सूर जुळवून पाहावा. जुन्या पेट्या कित्येकदा उतरलेल्या किंवा चढलेल्या असतात. पेटी उतरलेली असेल तर रेकॉर्डरचा वरचा सांधा किंचित ओढला की सूर खाली येतो. पेटी फार चढलेली असेल तर उपाय नाही. अशा वेळी मुलांना पेटीविना वाजवू द्यावे. सूर जुळत नाही तो दोष मुलाचा, असे मानून चालू नये.

६. जीभ

पुष्कळ मुले प्रत्येक स्वरासाठी "हू हू" अशी छातीतून फुंक मारतात. त्याने स्वर एकमेकांत मिसळतात आणि मूल दमते. श्वास अखंड ठेवून जिभेने स्वर सुटे करायचे असतात. मनात "दू" म्हणावे, कंठातून आवाज काढू नये. जिभेचे टोक दातांच्या मागे हलकेच टेकते, सुटते आणि स्वर सुरू होतो. आधी वाद्याविना, हातावर फुंक घेऊन "दू दू दू" म्हणावे. मग एकाच स्वरावर ठेक्यात म्हणावे. गीताचे शब्द मनात म्हणत जीभ हलवली की चाल आपोआप शब्दांप्रमाणे पडते. गानास्सींनी गळ्याचे अनुकरण सांगितले त्याचा हाच अर्थ.

१ करिंथ १४:७ मध्ये पौलाने पाव्याचा व वीणेचा दृष्टांत दिला आहे. स्वरांत भेद राहिला नाही तर काय वाजते ते ऐकणाऱ्याला कळणार कसे? जिभेचा पाठ घेताना हे वचन वाचावे.

७. तेराव्या वर्षानंतर

आठ-नऊ वर्षांचे मूल सोप्रानो सहज धरते. तेरा-चौदाच्या मुलाची बोटे मोठी झालेली असतात, भोके जवळ वाटतात. त्यात आवाज फुटण्याचे वय. त्याला लहान मुलांमध्ये उभे राहण्याची लाज वाटते. पुष्कळ मुले येथे वाद्य सोडतात आणि आपण म्हणतो, "गोडी राहिली नाही."

अशा मुलाच्या हाती आल्टो द्यावा. त्याचा आवाज खोल आणि भोके लांब असतात. आल्टोवर बोटे तीच ठेवली तर षड्ज पांढरी एकचा होतो. म्हणजे नवे काही न शिकता तो नव्या पट्टीत वाजवू लागतो. सोप्रानो पांढरी पाचचा, आल्टो पांढरी एकचा. आज एका पट्टीत, उद्या दुसऱ्या पट्टीत, अशी गीते वाटून घेता येतात. शिवाय त्याला लहानांपैकी दोघांची बोटे तपासण्याचे काम द्यावे. ज्याच्यावर कोणी अवलंबून आहे तो मुलगा सहसा निघून जात नाही.

डेन्मार्कच्या मिकाला पेत्री यांनी तिसऱ्या वर्षी रेकॉर्डर हाती घेतला आणि मोठेपणी जगभर मैफली केल्या, हेही त्याला सांगावे. "लहान मुलांचे वाद्य" ह्या समजुतीला तेवढे उत्तर पुरे.

८. निगा

वाजवण्यापूर्वी तोंड धुवावे. खाऊन लगेच वाजवू नये. एकाचे वाद्य धुतल्यावाचून दुसऱ्याला देऊ नये. प्लास्टिकचे वाद्य कोमट पाण्यात साबणाने धुता येते. लाकडी वाद्य पाण्यात बुडवू नये, उन्हात ठेवू नये. वाजवून झाल्यावर काडीला मऊ कापड गुंडाळून आतून पुसावे.

थोडा वेळ वाजवल्यावर आवाज घोगरा झाला, तर मुलाला रागावू नये. श्वासातील वाफ त्या चिंचोळ्या वाटेत थेंब होऊन बसते. खिडकीवर बोट अलगद धरून एकदा जोराने फुंकले की वाट मोकळी होते. मात्र खिडकीच्या धारेला बोट किंवा काडी कधी लावू नये. ग्वाल्हेर-इंदूरकडे डिसेंबरच्या सकाळी वाद्य गार असते, तेव्हा हा त्रास अधिक होतो. वाजवण्याआधी पाच मिनिटे ते बगलेत धरून ऊब द्यावी.

९. पहिल्या आठ रविवारांचा क्रम

पहिला: मेणबत्ती, आणि वाद्याचे फक्त वरचे तोंड.
दुसरा: वाद्य धरणे, फक्त गंधार, लांब श्वासाने.
तिसरा: गंधार व ऋषभ, प्रत्येकाची बोटे उलटी करून पाहणे.
चौथा: षड्ज, "ग रे सा" जिभेने सुटे करणे.
पाचवा: नवीन काही नाही. प्रत्येक मुलाला एकेकटे ऐकणे.
सहावा: मध्यम व पंचम.
सातवा: पाच स्वरांत बसणारी एक ओळखीची चाल, आधी गाऊन, मग वाजवून.
आठवा: पुन्हा प्रत्येकाला एकेकटे ऐकणे.

घरी रोज दहा मिनिटे पुरेत. आठवड्यातून एकदा तासभर वाजवण्यापेक्षा ते अधिक फळते. पालकांनी "कटकट" हा शब्द टाळावा. पहिले दोन महिने कान किटतात हे खरे. आम्हीही दोन खोल्यांच्या घरात राहिलो आहोत. पण मुलाला मागच्या अंगणात पाठवण्याऐवजी एखाद्या दिवशी शेजारी बसून ऐकावे.

पाचव्या आणि आठव्या रविवारी नवे शिकवू नये असा आमचा आग्रह आहे. समूहात मूल लपते. त्याची अडचणही लपते. आणि पहिल्या वर्षी कोणतीही तारीख जाहीर करू नये. मुले तयार झाली म्हणजे कार्यक्रम ठरवावा.

तो मुलगा पुढे मोठा झाला, नोकरीला लागला, आता त्याला मुले आहेत. तो अजून आमच्याच मंडळीत येतो. गीते चालू असता त्याचे ओठ हलतात पण आवाज ऐकू येत नाही, असे आम्हांला वाटते. कदाचित तो आमच्या मनाचा खेळ असेल. एके दिवशी आम्ही धीर करून त्याची क्षमा मागितली. तो हसला. "सर, मला आता आठवतही नाही." मग थोडा थांबून त्याने विचारले, "आईला कधी सांगितलं नव्हतंत ना?" आम्ही सांगितले नव्हते. ती माउली आता हयात नाही, आणि हे लिहिण्याआधी आम्ही त्याला विचारले आहे.

तो रेकॉर्डर आमच्या कपाटात त्याच कापडी पिशवीत आहे. गेल्या जूनमध्ये त्याची नऊ वर्षांची मुलगी वर्गाला आली. तिला तो दिला. तिची बोटे बापासारखीच बारीक आहेत. पहिल्या दिवशी आम्ही ती उलटी करून पाहिली.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाला गेल्या तीन महिन्यांत आपण एकेकटे ऐकले आहे काय?
२. "हळू फुंक" असे नुसते सांगणे आणि मेणबत्तीसमोर बसवणे यांत कोणता फरक आहे?
३. कार्यक्रम चांगला व्हावा म्हणून एखाद्या मुलाला आपण गप्प केले आहे काय? त्याच्याशी आता काय बोलाल?
४. आपल्या मंडळीतील कोणती भजने प, ध, सा, रे, ग, प एवढ्या स्वरांत बसतात? यादी करा.